कंटेनरला सील, पत्राला काय?



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होते आहे ते न्हावा शेव्याच्या या बंदरात टॅली क्लार्क होते. कंटेनरच्या दारावरचा सील नंबर स्वतः वाचल्याशिवाय आणि कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही, असे त्यांच्याबरोबर काम केलेले लोक आजही सांगतात. त्यांच्या नावाने बोलायचे तर सीलबद्दलच बोलावे असे मला वाटले. मात्र आजचा विषय पत्राच्या सीलचा आहे.

आपल्याकडे माल बंद करताना किती काळजी घेतली जाते हे आपण जाणता. बोल्ट सील एकदा बसले की कटरशिवाय निघत नाही. प्रत्येकावर वेगळा क्रमांक असतो. निर्यातदाराने कारखान्यातच बंद केलेल्या कंटेनरला आता आरएफआयडीचे इलेक्ट्रॉनिक सील लागते. गेटवर नंबर जुळला नाही की ट्रेलर बाजूला उभा राहतो आणि वरिष्ठांना बोलावणे जाते. पण त्याच कंटेनरचा ताबा ज्या पत्राच्या जोरावर एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्या पत्रावर असे काय असते? बहुतेक वेळा काहीच नसते.

टेलेक्स रिलीजचेच पाहा. मूळ बिल ऑफ लेडिंग हा मालाच्या मालकीचा कागद. ते हातात असल्याशिवाय जहाज कंपनी, म्हणजे लाइन, डिलिव्हरी ऑर्डर देत नाही. पण माल चढवणाऱ्याने तिकडच्या बंदरातच मूळ प्रती परत केल्या, तर तिकडचे कार्यालय इकडच्या कार्यालयाला कळवते की प्रती जमा झाल्या आहेत, मूळ कागद न मागता माल सोडा. हा निरोप पूर्वी टेलेक्सने यायचा. टेलेक्सची यंत्रे गेली, पद्धत मात्र राहिली. मोठ्या लाइन्सनी हे काम आपापल्या अंतर्गत प्रणालीत नेले आहे. छोट्या लाइन्स, एनव्हीओसीसी (स्वतःचे जहाज नसलेले वाहतूकदार) आणि फॉरवर्डर यांच्याकडे तो निरोप अजूनही साध्या ईमेलने येतो. चार ओळींचा मजकूर, खाली नाव आणि कंपनीचे चिन्ह. त्या चार ओळींवर चाळीस फुटी कंटेनर सुटतो.

ईमेल ज्या नियमाने एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते तो एसएमटीपी हा नियम 1982 साली लिहिला गेला. तो वापरणारी मंडळी तेव्हा मोजकी होती आणि परस्परांवर विश्वास ठेवून होती. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी काय लिहायचे ते पाठवणाऱ्यानेच ठरवावे, अशी मोकळीक त्यात राहिली. नंतर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्या आल्या. त्या चांगल्या आहेत, प्रत्येक कंपनीने त्या लावल्याच पाहिजेत. पण त्या ग्वाही देतात ती डोमेनची. निरोप त्या कार्यालयातल्या नेमक्या कोणत्या माणसाने लिहिला हे त्या सांगत नाहीत, आणि कोणी मूळ नावात एक अक्षर फिरवून हुबेहूब दिसणारे नवे डोमेन विकत घेतले, तर ते खोटे डोमेनही या सगळ्या तपासण्या सन्मानाने पार करते.

“पण आमचा मेल तर एन्क्रिप्टेड असतो,” असे मला पुष्कळदा ऐकायला मिळते. ते अर्धे खरे आहे. दोन सर्व्हरांमधला रस्ता आज बहुधा गुप्त असतो. मात्र पत्र प्रत्येक सर्व्हरवर पोचले की उघडे होते, तिथे तसेच साठते, आणि ज्याच्या हाती त्या खात्याचा पासवर्ड लागला त्याला सगळे जुने-नवे वाचता येते.

द्राक्षाच्या हंगामात निफाड, दिंडोरीकडून रीफर कंटेनर आपल्या बंदराकडे धावत असतात. माल नाशवंत, पैसे मोठे, आणि सगळा व्यवहार मेलवर. अशा वेळी फसवणूक कशी होते हे मुंबईच्या सायबर पोलिसांना चांगले ठाऊक आहे. चोर आधी दोघांपैकी एकाच्या खात्यात शिरतो आणि काही करत नाही, नुसता वाचत राहतो. कोण कोणाला कसे संबोधतो, इन्व्हॉइस कोणत्या दिवशी जाते, बिलाचा नमुना कसा आहे, हे शिकतो. मग नेमक्या दिवशी, चालू पत्रव्यवहाराच्या मधोमध, विक्रेत्याच्या नावाने एक नम्र पत्र जाते: आमच्या बँकेत ऑडिट चालू आहे, यावेळचे पैसे या दुसऱ्या खात्यात पाठवा. परदेशातला खरेदीदार प्रामाणिकपणे पैसे पाठवतो. इकडचा शेतकरी वाट पाहतो. खोटे उघड होते तेव्हा पैसे दोन देश ओलांडून गेलेले असतात आणि द्राक्षे खाऊन संपलेली असतात.

यात फसवले गेलेले लोक मूर्ख असतात असे मी कधीच म्हणणार नाही. त्यांना खरे-खोटे पारखण्याचे साधनच कोणी दिलेले नसते.

बंदरांच्या बाबतीत याचे सर्वांत मोठे उदाहरण बेल्जियममधल्या अँटवर्पचे. 2011 पासून दोन वर्षे अमली पदार्थांच्या टोळीने तिथल्या कंपन्यांच्या संगणकांत शिरकाव केला होता. सुरुवात कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या मेलमधून झाली. ती वाट बंद झाल्यावर त्यांनी कार्यालयात घुसून कळफलकावरची अक्षरे टिपणारी उपकरणे बसवली. कोणता कंटेनर कुठे उभा आहे आणि तो सोडवायचा संकेतांक काय, एवढेच त्यांना हवे होते. खऱ्या मालकाचा ट्रक येण्याआधी त्यांचा ट्रक येऊन कंटेनर घेऊन जायचा. 2013 साली युरोपोलने ही गोष्ट जगासमोर आणली. त्या बंदराच्या कुंपणात, गेटवर, सीलमध्ये काही खोट नव्हती.

आपल्या पूर्वीच्या कारकुनांना हा प्रश्न कळला नव्हता असे नाही. बँकेत टेलेक्सवर काम केलेले कोणी इथे असतील तर त्यांना ‘टेस्ट की’ आठवत असेल. दोन बँका आधीच एकमेकींना गुप्त कोष्टके पाठवून ठेवत. पैसे पाठवण्याचा टेलेक्स निघाला की रक्कम, चलन, तारीख यांच्यासाठी कोष्टकातले आकडे काढून त्यांची बेरीज करायची आणि ती संदेशाच्या माथ्यावर घालायची. पलीकडचा अधिकारी आपले कोष्टक काढून तीच बेरीज करून पाही. जुळली तर पैसे, नाही तर थांबा. रकमेतला एक आकडा जरी कोणी बदलला तरी बेरीज चुके. ईमेल आले, टेलेक्स गेले आणि ही शिस्तही त्यांच्याबरोबर गेली. सुधारणेच्या नावाखाली आपण एक पायरी खाली उतरलो, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

त्याहून मागे गेलो तर मराठी माणसाच्या स्मरणात कायमचे राहिलेले एक सांकेतिक पत्र आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झाले. त्या पराभवाची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांना माळव्यात भेलशाजवळ कळली ती सरकारी जासुदाकडून नव्हे. एका सावकाराची पत्रे घेऊन दक्षिणेकडे निघालेला हरकारा त्यांच्या माणसांच्या हाती लागला. पत्रात मोत्यांच्या, मोहरांच्या आणि रुपये-खुर्द्याच्या नुकसानीचा हिशेब होता. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, हे पेशव्यांनी ओळखले. आपण ही गोष्ट शोकाची म्हणून सांगतो, आणि ती शोकाचीच आहे. माझ्या विषयाच्या बाजूने पाहिले तर त्यात दोन गोष्टी दिसतात. व्यापाऱ्याला आपली पत्रे वाटेत उघडली जाणार हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने ती झाकली. आणि ते झाकणे त्याला पुरले नाही, कारण संदर्भ जाणणाऱ्याला तो संकेत सहज फुटला.

सावकाराचा संकेत असो की बँकेचे कोष्टक, दोन्हींची अडचण एकच. आधी भेटून किंवा विश्वासू माणसाकरवी गुपित ठरवून घ्यावे लागते, आणि तेही प्रत्येक जोडीसाठी वेगळे. ही अडचण 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सोडवली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन या तिघांनी तिला वापरता येईल असे रूप दिले. कल्पना अशी: प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. एक सार्वजनिक, ती जगाला वाटायची. दुसरी खाजगी, ती कोणालाही द्यायची नाही. तुमच्या सार्वजनिक किल्लीने बंद केलेला मजकूर फक्त तुमच्या खाजगी किल्लीने उघडतो. उलट तुम्ही खाजगी किल्लीने एखाद्या मजकुरावर सही केली, तर ज्याच्याकडे तुमची सार्वजनिक किल्ली आहे असा कोणीही ती तपासू शकतो, आणि मजकुरात स्वल्पविराम जरी बदलला तरी सही खोटी ठरते.

1991 साली फिल झिमरमन या अमेरिकन गृहस्थाने हे गणित साध्या माणसाच्या ईमेलसाठी आणले. त्या प्रोग्रामचे नाव पीजीपी. न्हावा शेव्यातल्या माणसाला पुढची हकीकत विशेष वाटावी अशी आहे. अमेरिकेत तेव्हा बळकट गुप्तलेखनाची गणना युद्धसामग्रीत होत असे. परवान्याशिवाय तिची निर्यात केल्याच्या संशयावरून झिमरमनची चौकशी झाली, आणि ती केली अमेरिकेच्या कस्टम्स खात्याने. ती 1996 च्या जानेवारीत मागे घेतली गेली. दरम्यान 1995 साली प्रोग्रामचा सगळा मूळ मजकूर पुस्तक म्हणून छापला गेला होता. फ्लॉपी देशाबाहेर नेणे गुन्हा ठरू शकत होते, छापील पुस्तक मात्र खुशाल निर्यात करता येत होते.

पुढे 1997 मध्ये जर्मनीतल्या वेर्नर कोख यांनी सर्वांना मोफत वापरता येईल असा जीएनयूपीजी, म्हणजे आपण ज्याला जीपीजी म्हणतो तो प्रोग्राम लिहायला घेतला. जगभर विसंबले जाणारे हे साधन अनेक वर्षे जवळजवळ एकट्या माणसाने, तुटपुंज्या पैशांवर सांभाळले. 2015 साली ही परिस्थिती बातमीतून लोकांना कळली, तेव्हा कुठे देणग्यांचा ओघ सुरू झाला.

आता या विद्येची सवय कुठे लावायची? माझे उत्तर आहे, अक्षरांच्या पडद्यावर. म्हणजे मट किंवा अल्पाइनसारख्या, चित्रे आणि बटणे नसलेल्या, केवळ मजकूर दाखवणाऱ्या मेल प्रोग्रामात.

इथल्या जुन्या मंडळींना हा पडदा परका नाही. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले तेव्हा स्वस्तातले खाते म्हणजे शेल अकाउंट. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, आणि मेलसाठी पाइन नावाचा प्रोग्राम. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या त्या पाइनचाच वारस आजचा अल्पाइन. मट त्याच 1995 सालचा, मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेला. मी पुढे मटबद्दलच बोलणार आहे, कारण जीपीजीशी त्याची गाठ जुनी आणि घट्ट आहे. अल्पाइनला जीपीजी जोडता येते, पण मध्ये वेगळे जोडकाम लागते.

मजकुराच्या प्रोग्रामचा आग्रह मी हौसेपोटी धरत नाही. मे 2018 मध्ये म्युन्स्टर आणि बोखुम इथल्या संशोधकांनी, ल्यूवेनच्या सहकाऱ्यांसह, ‘ईफेल’ नावाने एक हल्ला जाहीर केला. गुप्त मेल हल्लेखोराने वाटेत अडवायचा, त्याच्याभोवती चित्र मागवणारा एचटीएमएल मजकूर गुंडाळायचा आणि पुढे पाठवायचा. वाचणाऱ्याचा प्रोग्राम मेल उलगडायचा, चित्र आणायला जायचा आणि चित्राच्या पत्त्यात उलगडलेले गुपित हल्लेखोराला नेऊन द्यायचा. अनेक नावाजलेले मेल प्रोग्राम त्यात सापडले. मट सापडला नाही, कारण तो स्वतःहून एचटीएमएल रंगवत नाही आणि चित्रे मागवत नाही. शिवाय बनावट मेलमध्ये जो डोळ्यांना फसवणारा साज असतो, कंपनीचे चिन्ह, निळी बटणे, वर एक आणि आत दुसराच दुवा, तो सगळा इथे गळून पडतो. खाली फक्त पत्ता आणि शब्द उरतात.

मांडणी कशी करायची ते सांगतो. लिनक्स असेल तर मट आणि जीएनयूपीजी हे दोन्ही तिथल्या भांडारातूनच मिळतात. कार्यालयात विंडोज असेल, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असते, तर त्यातच लिनक्सची उपप्रणाली बसवता येते.

आधी जीपीजीला पूर्ण किल्ली तयार करण्याचा आदेश द्यायचा. तो नाव, मेलचा पत्ता आणि मुदत विचारतो. प्रकार तो जो सुचवेल तो घ्यावा. मुदत दोन वर्षांची ठेवा. ती वाढवता येते, आणि किल्ली हरवली तर निदान ती आपोआप जुनी होते. मग येतो परवलीचा वाक्यांश. तो लांब ठेवा, आणि तो कागदावर लिहिलाच तर तो कागद संगणकाच्या जवळपास नको. किल्ली तयार होतानाच जीपीजी एक रद्दपत्रही करून ठेवतो. ते छापून कपाटात ठेवा. खाजगी किल्ली चोरीला गेली की हेच पत्र जगाला कळवते, आता या सहीवर विश्वास ठेवू नका.

प्रत्येक किल्लीला चाळीस अक्षरांचा ठसा असतो. सगळ्या व्यवस्थेचा कणा हा ठसा आहे. कोणाची सार्वजनिक किल्ली मेलने आली म्हणजे ती त्याचीच, असे मानू नका. फोन करून ठसा मोठ्याने वाचून घ्या, आणि फोन त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर लावू नका, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर लावा. मोठ्या किल्ली-सर्व्हरांवरही डोळे मिटून विसंबू नका. 2019 च्या जूनमध्ये कोणी तरी तिथल्या काही किल्ल्यांवर हजारो निरर्थक सह्या लादून त्या वापरण्याजोग्या ठेवल्या नव्हत्या. व्हिजिटिंग कार्डावर आणि लेटरहेडवर ठसा छापणे हा सर्वांत सोपा उपाय, आणि आपल्या व्यापारी जगाला तो सहज जमेल.

मटच्या मांडणीच्या फाइलीत मेल सर्व्हरचा पत्ता आणि नाव येते. पासवर्ड मात्र तिथे उघडा लिहू नका. तो वेगळ्या फाइलीत ठेवून ती फाइल जीपीजीनेच बंद करता येते, आणि मट सुरू होताना परवलीचा वाक्यांश विचारून ती उघडतो. जीमेलसारख्या सेवा आता साधा पासवर्ड स्वीकारत नाहीत. तिथे ॲप पासवर्ड तरी घ्यावा लागतो किंवा ओऑथची व्यवस्था करावी लागते. नवशिका अडतो ते आणखी एका जागी: वाक्यांश विचारणारी चौकट पडद्यावर येतच नाही. जीपीजीला आपण कोणत्या टर्मिनलवर बसलो आहोत ते कळलेले नसते. शेलच्या फाइलीत ‘जीपीजी टीटीवाय’ हे चल ठरवून दिले की अडचण संपते.

मग क्रिप्ट विभागातल्या दोन-तीन सूचना. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर आपोआप सही. आलेले पत्र गुप्त असेल तर उत्तरही गुप्तच. आणि पाठवलेल्या पत्राची आपली प्रत आपल्याही किल्लीने बंद करणे, म्हणजे आपणच पाठवलेले पत्र पुढच्या महिन्यात आपल्याला वाचता येईल. एवढे झाले की पत्र लिहून झाल्यावर, पाठवण्याच्या आधीच्या पडद्यावर पी हे अक्षर दाबायचे. खाली पर्याय दिसतात: ई म्हणजे गुप्त करा, एस म्हणजे सही करा, बी म्हणजे दोन्ही. यादीत आलेल्या पत्रापुढे लहान एस दिसला तर सही आहे, मोठा एस दिसला तर सही तपासून खरी ठरली आहे, पी दिसला तर पत्र गुप्त आहे. एवढीच खूण. गेटवर सील नंबर वाचणाऱ्या माणसाला हे शिकायला वेळ लागत नाही.

मराठीत पत्र लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. पुष्कळ टर्मिनल प्रोग्रामांत देवनागरीची जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. एमएलटर्म किंवा कॉन्सोल वापरून पाहा. सहीला भाषेचे सोयरसुतक नसते. ती मोडते ती दुसऱ्याच कारणाने: कंपनीचा सर्व्हर बाहेर जाणाऱ्या मेलच्या तळाशी ‘हा संदेश गोपनीय आहे’ अशा अर्थाचा लांबलचक इशारा आपोआप चिकटवतो, आणि सही झालेल्या मजकुराला धक्का लागतो. गोपनीयतेची घोषणा करणारा मजकूर खऱ्या सहीचा घात करतो, म्हणून तो काढून टाकायला सांगा.

हे सगळ्यांना जमेल का? 1999 साली अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी बारा जणांना बसवून पाहिले होते. नव्वद मिनिटे देऊनही फक्त एक तृतीयांश लोकांना पीजीपीने मेलवर सही करून तो नीट गुप्त करता आला. त्या प्रयोगात बटणांचा आणि चित्रांचाच प्रोग्राम होता. म्हणून सगळ्या कार्यालयाने मट वापरावा असा माझा हट्ट नाही. एका-दोघांनी तो शिकावा, कारण त्यात काय घडते आहे ते झाकलेले नसते. तीच किल्ली नंतर थंडरबर्ड या बटणांच्या मेल प्रोग्रामातही चालते. 2020 पासून त्यात ही सोय आतच आहे.

आता 27 जून 2017 कडे येतो. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून जगभर पसरला. मर्स्क कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या, आणि तिच्याच गटाच्या ताब्यातले आपल्या इथले जीटीआय टर्मिनल थंडावले. रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागली ती आपण डोळ्यांनी पाहिली. मर्स्कने नुकसान 20 ते 30 कोटी डॉलर सांगितले. दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केल्याचे तिच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितले. 2022 च्या फेब्रुवारीत खंडणीखोर सॉफ्टवेअरचा फटका आपल्याच बंदरातल्या जेएनपीसीटी टर्मिनलला बसला आणि जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली.

मेलवरच्या सहीने हे हल्ले टळले असते असे मी म्हणत नाही. टळले नसते. मला त्यानंतरच्या दिवसांची चिंता आहे. यंत्रणा बंद पडली की काम थांबत नाही, ते खाजगी मेलवर आणि व्हॉट्सॲपवर उतरते. मर्स्कच्या लोकांनीही तेव्हा तसेच बुकिंग घेतले. अनोळखी पत्त्यावरून, घाईत, ‘हा कंटेनर सोडा’ असे निरोप येऊ लागतात. एरवी संशय आला असता असा निरोप त्या दिवशी खरा वाटतो. ज्या दोघांनी आधीच ठसे ताडून ठेवले आहेत, त्यांना अशा दिवशी पत्ता कोणता आहे याने फरक पडत नाही. सही जुळली की माणूस जुळला.

म्हणून माझा आग्रह असा. बंदराच्या कामात सही प्रत्येक पत्रावर असावी, गुप्तता मोजक्या पत्रांना. बँक खात्याचा तपशील, कंटेनर उचलण्याचे संकेतांक, मौल्यवान किंवा धोकादायक मालाच्या याद्या, आधार-पॅनच्या प्रती, जहाजावरच्या लोकांचे पासपोर्ट, ही पत्रे बंद करूनच जावीत. बाकीची उघडी चालतील, पण सहीशिवाय नकोत. विषयाची ओळही लक्षात ठेवा. पत्र गुप्त केले तरी ती बहुधा उघडीच जाते. मटमध्ये 2019 पासून ती झाकण्याची सोय आहे, समोरच्या प्रोग्रामला ती समजली तरच तिचा उपयोग. आणि कोणी कोणाला केव्हा लिहिले हे तर कधीच झाकले जात नाही.

कायद्याचे थोडे सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू आहे. त्याखाली परवानाधारक संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्राच्या डिजिटल सहीला जे स्थान आहे, ते आपण घरी बनवलेल्या जीपीजी किल्लीला नाही. कोर्टात न्यायचा कागद असेल तर प्रमाणपत्राची सही करा. मट ती एसमाइम पद्धतही जाणतो. कलम 69 नुसार सरकारने रीतसर आदेश दिला तर मजकूर उलगडायला मदत करावी लागते, नकार दिल्यास शिक्षा आहे. 2015 च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला होता. गुप्त संदेशांची उघडी प्रत नव्वद दिवस जपून ठेवा, असे त्यात नागरिकांनाही सांगितले होते. लोकांनी एवढा विरोध केला की मसुदा लगेच मागे घेतला गेला. गुप्तलेखन वापरणे हा आपल्या देशात गुन्हा नाही, हे निर्धास्तपणे लक्षात ठेवा.

प्रमाणपत्राच्या सहीवरून आठवले. न्हावा शेव्यातल्या प्रत्येक सीएचएकडे, म्हणजे कस्टम्स ब्रोकरकडे, कस्टम्सच्या आइसगेट या संकेतस्थळासाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन आहे. म्हणजे खाजगी किल्ली नावाची वस्तू आपल्या खिशात आधीपासूनच आहे. आणि ती आपण कशी वापरतो? मालकाचे टोकन कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये, पिन त्याच्यावरच्या चिठ्ठीवर. एकाच्या टोकनने दुसरा सही करतो आणि संध्याकाळी तेच टोकन तिसऱ्याच्या पिशवीत असते. काम अडू नये म्हणून हे चालते, मला समजते. पण उद्या एखाद्या बिल ऑफ एंट्रीवरून चौकशी आली तर सही ज्याच्या नावाची त्यालाच उत्तर द्यावे लागणार. ही सवय मोडल्याशिवाय जीपीजी बसवून काही साधणार नाही. उलट खोट्या खात्रीने नुकसान वाढेल.

त्यातूनच शेवटचा मुद्दा येतो, आणि तो कंपन्यांच्या मालकांसाठी आहे. कस्टम्स ब्रोकरला आपल्या नोंदी किमान पाच वर्षे सांभाळाव्या लागतात. तुमच्या डॉक्युमेंटेशन विभागातल्या मुलीने सगळा गुप्त पत्रव्यवहार तिच्या किल्लीने केला आणि ती दुसऱ्या वर्षी नोकरी सोडून गेली, तर उरलेली तीन वर्षे तो पत्रव्यवहार कोण उघडणार? याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करा. सहीची किल्ली प्रत्येकाची स्वतःची असू द्या, ती कोणीही मागू नये, मालकानेही. गुप्त पत्रे मात्र त्या व्यक्तीच्या किल्लीबरोबर कार्यालयाच्या एका सामायिक किल्लीनेही बंद व्हावीत. ती सामायिक किल्ली नेटला न जोडलेल्या यंत्रावर असावी, तिची प्रत तिजोरीत असावी आणि ती उघडताना दोन माणसे हजर असावीत. कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याची सहीची किल्ली रद्द करून सगळ्या पक्षांना कळवा, जसे गेटपास परत घेता तसे.

आणि लाइन्सच्या, टर्मिनलांच्या, सीएफएसच्या (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामांच्या) कार्यालयांकडे माझे मागणे आहे. तुमच्या संकेतस्थळावर दरपत्रक असते, डिटेन्शनचे नियम असतात. त्याच पानावर तुमच्या डिलिव्हरी ऑर्डर विभागाच्या सार्वजनिक किल्लीचा ठसाही छापा, आणि टेलेक्स रिलीजचा प्रत्येक मेल त्या किल्लीच्या सहीनेच पाठवा.